नारळ हातात घेऊन सांगितलेला खुनी

धाड, बुधवार

ती. अविनाशमामांना करिष्माचा साष्टांग नमस्कार.

खुनी कोण हे आधीच कळलेलं असतानाही माणसं रहस्यपट शेवटपर्यंत का बघतात? मामा, या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पत्र खुशालीने सुरू करायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण 'येत नाही' हे वाक्य मला एकदा कुठेतरी लिहून बघायचं होतं. घरातली पहिली ग्रॅज्युएट झाल्यापासून ते मी बोललेले नाही. फवारणीच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, शेजाऱ्यांच्या टीव्हीचा हरवलेला आवाज, म्हशीला दिलेल्या गोळीचा माणसावर होणारा परिणाम, सगळं मलाच विचारतात. माहीत नाही म्हटलं तर बाबा इतक्या दुःखाने माझ्याकडे बघतात, की जणू विद्यापीठाने पदवी परत मागवली. असो. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचं नव्या मिक्सरशी पटलं का? इकडे सगळे मजेत. बाबांच्या वांग्यांना यंदा मान आहे आणि आई माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. मामा, तुम्ही दुकानात फोन स्पीकरवर ठेवता. मागच्या खेपेला तुम्ही मला 'मुलगा पसंत पडला तर लाजू नको' असं सांगितलंत, तेव्हा मागून बियाणं घ्यायला आलेल्या कोणीतरी 'हाव ना, लाजाचं काऊन?' असं म्हटलेलं मला स्वच्छ ऐकू आलं. माझं लग्न चिखलीच्या अख्ख्या बाजारपेठेने ठरवू नये, एवढीच इच्छा आहे. म्हणून पाकीट डिंकाने चिकटवून जीपवाल्याकडे देत आहे.

सुलतानपूरच्या स्थळाला हो की नाही, हे तुम्हाला या आठवड्यात कळवायचं आहे, हे मी विसरलेले नाही. तुम्हीच मधे आहात, तुमच्या शब्दावर ते लोक आले, आणि उत्तर तुमच्या तोंडूनच जायचं, ही रीत मला मान्य आहे (होती). ते उत्तर या पत्रात आहे. पण ते शेवटी आहे. रहस्यपटाचा तो नियमच आहे. तुम्ही वर्तमानपत्रसुद्धा मागच्या पानापासून वाचता आणि टॉकीजमध्ये मध्यंतरात डोअरकीपरला खुनी विचारता, म्हणून हात जोडून विनंती, की शेवटचं पान आधी काढू नका.

तर आमचे रविवारचे सिनेमे. ग्रामपंचायतीने एकदा ग्रामसभेसाठी प्रोजेक्टर आणला होता. ग्रामसभा त्याच्याशिवाय जास्त जोरात चालते असं लक्षात आल्यावर तो कपाटात गेला. मी अर्ज करून तो मागून घेतला आणि समाजमंदिराच्या खिडक्यांना कापसाची रिकामी पोती लावून दर रविवारी दुपारी रहस्यपट दाखवू लागले. रहस्यपटच का, तर माझा एक सिद्धांत होता. आपल्याकडे काही हरवलं की आधी माणूस ठरतो आणि मग पुरावा शोधतात. नव्या रहस्यपटात उलट असतं: श्रीमंत, गरीब, सून, नोकर, सगळ्यांवर सारखाच संशय. यातून गावात तर्कशुद्ध विचार रुजेल, असं मला मनापासून वाटत होतं. (अजूनही वाटतं. हसू नका.)

गावाने सिनेमे डोक्यावर घेतले, पण माझ्या कारणासाठी नाही. मेलेल्या म्हाताऱ्याचा बंगला दिसला, की पडद्यावर अजून पोलीसही आलेले नसतात आणि खाली विचारणा सुरू होते, "सातबारा कोणाच्या नावावर हाय?" वाटणीवरून भांडणारी भावंडं आम्हाला कोणी समजावून द्यावी लागत नाहीत. त्यांनी कोट घातलेले असतात, एवढाच फरक. आईला आवडतं ते वेगळंच: "मोठ्या घरचे लोक एका लायनीत बसवून कोनी जाब विचारते, हे आपल्याले कुठी पाहाले भेटते?" आणि वामनराव, म्हणजे आमच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, त्यांना खुनी सापडण्यात रसच नाही. मध्यंतर झालं की ते उभे राहून म्हणतात, "दोन्ही पार्ट्या समोर बसवल्या असत्या, तं गोष्ट इथवर आलीच नसती." एकदा तर त्यांनी वाटणीचा तोडगासुद्धा काढून दिला, आणि तो इतका रास्त होता, की उरलेला सिनेमा सगळ्यांना उगाच वाटला.

यात एकच माणूस सिनेमाला मुकतं, ते म्हणजे मी. काही नको ते दृश्य निघालं तर आई प्रोजेक्टर विहिरीत टाकेल, म्हणून प्रत्येक सिनेमा मला आधी एकटीने बघावा लागतो. रविवारी सगळं समाजमंदिर श्वास रोखून बसतं, आणि मी मागे स्टुलावर, खुनी कोण ते माहीत असलेली, घरच्यासारखीच तिथेही सगळं माहीत असलेली. तक्रार नाही, फक्त सांगितलं.

आता मूळ रविवार. पाहुणे ठरल्याप्रमाणे आले. पोहे झाले, मुलीला स्वयंपाक येतो का झालं (आईने 'हो' म्हटलं, हा त्या दिवसातला पहिला खोटेपणा), आणि बोलणं संपून सगळे पंख्याकडे बघू लागले, तेव्हा बाबा अभिमानाने म्हणाले, "आमची पोरगी गावाले सिनेमे दाखवते." आईने डोळे वटारले, पण मुलाच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, चला, पाहू. अशा रीतीने दाखवायला काढलेल्या साडीत मी वायर जोडत होते, आणि ज्यांनी मला बघायला यायचं ते पहिल्या रांगेत पाठ करून बसले होते.

सिनेमा होता बर्फातल्या बंगल्याचा. अत्तराचा कारखाना असलेला म्हातारा मरतो. घरात दोन मुलं, दोन सुना, डॉक्टर, वकील, स्वयंपाकीण, आणि सतत शिंकणारा गुप्तहेर. (खुनी कोण ते मी लिहिणार नाही, तुम्हाला तो दाखवायचा आहे.) अगदी शेवटी गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, दार लावतो, रुमाल खिशात ठेवतो आणि म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे, आणि त्याचं नाव..."

आणि वामनराव उठून उभे राहिले. पाहुण्यांचा सत्कार राहिला होता!

मामा, तुम्हाला गाव माहीत आहे. सत्काराशिवाय आमच्याकडे पोलिओचा डोससुद्धा पाजत नाहीत. सुरुवातीला नारळ वेळेवर आले नाहीत, ते आता आले होते, आणि पाहुणे सत्काराविना गेले असते तर ते गावाच्या तोंडाला काळं फासण्यासारखं होतं. सिनेमा थांबवायला लावला. दिवे लागले. पडद्यावर गुप्तहेर तोंड उघडं ठेवून थांबला, आणि त्याच्याखाली शाल, श्रीफळ, टाळ्या, आणि 'सुलतानपूरच्या पावन भूमीतून आलेले' असं सविस्तर भाषण सुरू झालं. मुलगा, हर्षल, नारळ हातात घेऊन अतिशय गंभीरपणे उभा होता. (फोटोपेक्षा बरा दिसतो. हा पुरावा नाही, नोंद आहे.)

तेवढ्यात आमच्या शेजारच्या जनकाबाई उठल्या. त्यांची म्हशी पिळायची वेळ टळून चालली होती आणि भाषण संपण्याची चिन्हं नव्हती. त्यांनी सरळ नवरदेवाला गाठलं. "पाहेला हाय का रे बाप्पा तू हा सिनेमा?" तो म्हणाला, हो, पाहिला आहे. "मंग सांगून टाक ना, कोनं मारलं? म्हशी वरडून राह्यल्या तिकडं. मले रातभर झोप नाही यायची." आणि मामा, त्या माणसाने सांगितलं! नारळ हातात, शाल खांद्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: "डॉक्टर, मावशी."

जनकाबाई समाधानाने गेल्या. समाजमंदिरभर 'म्या म्हनलं होतं ना' सुरू झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवट फोडणारा माणूस म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको (क्षमा असावी). मी त्याच क्षणी मनात नकार लिहून टाकला. दूध संकलन केंद्र चालवतो, निर्व्यसनी आहे, हे सगळं खरं, पण ज्याला दहा मिनिटं गप्प बसवत नाही त्याच्याबरोबर जन्म कसा काढायचा? रागाच्या भरात दुसरी गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. ती दिवे मालवल्यावर आली. डॉक्टर खुनी नव्हता.

सिनेमा पुढे सुरू झाला. सगळे डॉक्टरकडे बघत निवांत बसले होते, काहींनी चपला शोधायलाही घेतल्या होत्या. आणि गुप्तहेराने भलतंच नाव घेतलं. मामा, इतक्या रविवारांत समाजमंदिरात अशी शांतता मी ऐकली नव्हती. मग वामनराव सावकाश म्हणाले, "आरे तिच्या!" अध्यक्षांच्या तोंडून असा शब्द पहिल्यांदाच निघाला. मग जो गलका झाला, त्यात आईसुद्धा शेजारणीच्या पाठीवर थापा मारत होती.

मी वायर गुंडाळत होते, तेव्हा हर्षल दुसरं टोक घेऊन आला. मी जरा करड्या आवाजात विचारलं, की खोटं का सांगितलं? तो म्हणाला, "दुधाची वेळ मी समजू शकतो, बाईले थांबा कसं म्हणू? अन् खरं सांगितलं असतं तं एवढ्या लोकांचा रविवार गेला असता." मग वायरीची गाठ सोडवत म्हणाला, की त्याला हे सिनेमे एकाच गोष्टीसाठी आवडतात. बाकी सगळीकडे चुकलं की माणसाचं हसं होतं, इथे चुकण्यातच मजा असते. "तुमचा अंदाज कोणावर होता?" मी सांगितलं, की माझा अंदाज नसतो, मी आधीच बघितलेला असतो, दर वेळी. त्याने सुटलेली वायर माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "पुढचा मी आधी पाहून घेतो. काही नको ते असलं तर सांगतो. तुम्ही नका पाहू." एवढंच. मग त्यांची गाडी सुटायची वेळ झाली.

सोमवारी सकाळी जनकाबाई अंगणात उभ्या. पाणवठ्यावर त्यांनी डॉक्टरला शिव्या घातल्या होत्या आणि सगळ्या बाया हसल्या होत्या. "नारळ हातात घेऊन खोटं बोलला थो पोरगा! असा जावई करता काय वो तुमी?" आई आधीच सरकारी नोकरी नाही म्हणून नाखूश होती, तिला आता नारळ सापडला. बाबा म्हणाले, सिनेमातलं खोटं खोटं नसतं. वामनराव म्हणाले, समिती बसवू. सोमवारभर घरात तोच विषय, आणि सगळे शेवटी माझ्याकडे बघत होते: तू शिकलेली आहेस, तूच सांग. खोटं बोलणं वाईट, हे मी आजवर सगळ्यांना शिकवत आले. आणि या खोट्याबद्दल काय म्हणावं, ते मला खरंच कळत नव्हतं.

शेवटी मी काल सकाळी मोबाइल घेऊन जनकाबाईंच्या गोठ्यात गेले आणि राहिलेला शेवट त्यांना दाखवला. खुनी कोण, हे एव्हाना त्यांना अख्ख्या गावाने सांगितलं होतं. तरी शेणाचे हात पाठीमागे धरून त्या डोळे फाडून बघत होत्या. मी विचारलं, सगळं माहीत असून एवढं काय बघता? त्या म्हणाल्या, "नाव ठावं होतं वो. पन सापडल्यावर थ्याचं तोंड कसं होते, हे पाहाचं होतं ना." आणि जाता जाता म्हणाल्या, "पोरगं चलाख हाय. सगळ्याईले बराबर फसवलं. मलेच आधी कळलं असतं तं काय मजा होती?"

समितीची बैठक मग रद्द झाली. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमची,
करिष्मा

ता. क. १ — हे पान आधी काढून वाचणाऱ्यांसाठी: सुलतानपूरच्या स्थळाला माझा नकार आहे. आता कृपया सुरुवातीपासून वाचा.

ता. क. २ — क्रमाने वाचत आलेल्यांसाठी: पाकीट उलगडून आतल्या बाजूने बघा.

(पाकिटाच्या आत)

मामा, वरचा नकार म्हणजे सिनेमातला तो डॉक्टर आहे. रीतीप्रमाणे मुलाकडचा निरोप आधी तुमच्याकडे येतो, मग तुम्ही बाबांना सांगता, बाबा आईला, आणि सर्वांत शेवटी मुलीला कळतं. या वेळी क्रम थोडा उलटा झाला आहे. म्हणून खरी विनंती अशी, की सुलतानपूरहून फोन आला तर स्पीकर बंद करा आणि आश्चर्य वाटल्यासारखं करा. मग बाबांना तुम्हीच सांगा. आईला सांगताना मी तिथे नक्की असेन, कारण नाव जरी माहीत असलं तरी तिचं तोंड कसं होतं ते मला बघायचं आहे.

काल दुपारी मी हर्षलला फोन करून हो म्हटलं. आणि पुढच्या रविवारच्या सिनेमाचा पेन ड्राइव्ह संध्याकाळच्या गाडीने सुलतानपूरला पाठवून दिला. मी तो उघडूनसुद्धा पाहिलेला नाही.