आनंदाची सीलबंद बरणी

३ मार्च. सकाळी ६.४०
आजपासून आनंदी राहणार. ठरलं म्हणजे ठरलं.

काल लेकीने जेवणाच्या टेबलावर एक मोठी काचेची बरणी आणून ठेवली. तिला लांबच्या शहरात पहिली नोकरी लागली आहे. २४ तारखेला सकाळच्या विमानाने जाणार. तोवर घरातल्या प्रत्येकाने, जेव्हा केव्हा बरं वाटेल तेव्हा, चिठ्ठीवर दोन ओळी लिहून बरणीत टाकायच्या. तिकडे संध्याकाळी खोली खायला उठली की ती रोज एक काढून वाचणार म्हणे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, की बाबांची निदान एक तरी हवीच.

निदान एक! वजनमापे खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला निदान एक! दुकानदारांचे काटे तपासायचे आणि बरोबर असतील त्यांना तार ओवून शिशाचं सील ठोकायचं, हे माझं काम. मोजण्यातलं मला कुणी शिकवू नये.

टार्गेट: रोज दोन. एकूण बेचाळीस. अण्णा (माझे वडील, वय ८१) आणि ही मिळून दहाच्या वर जाणार नाहीत. दोघांनाही शिस्त नाही.

४ मार्च. सकाळी ७.५०
साडेपाचला गच्चीवर. लहानसहान आनंदात सूर्योदयाचा नंबर पहिला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ढग होते. सूर्य उगवला असावा, पण पुरावा नाही. खाली यायला निघालो तर वॉचमनने दार आतून लावून घेतलेलं. पाऊण तास हाका मारल्या. शेवटी समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी मला पाहिलं आणि चोर आहे असं समजून वॉचमनलाच फोन केला. हाफ पँटवर होतो.

नोंद: शून्य. उद्या चार लिहून भरून काढू.

५ मार्च
बरणीत तीन दिवसांत अकरा चिठ्ठ्या. संशय आला म्हणून तपासणी केली. भीती खरी ठरली.

अण्णा: 'आज पोट साफ झालं.' याच मजकुराची चिठ्ठी तीनदा. ही: 'दुपारी दोन ते चार घरात कुणी नव्हतं.' लेक: 'बाबा गच्चीवर अडकले.' यात आनंद कुठला, ते चिठ्ठीत स्पष्ट केलेलं नाही.

अकराच्या अकरा चिठ्ठ्या शेरा मारून दुरुस्तीसाठी परत केल्या. अण्णा चिडले. म्हणाले, माझ्या वयाला ये, मग कळेल दिवसभरातली मोठी बातमी कोणती ते. हिने काहीच म्हटलं नाही. हिने काही म्हटलं नाही की मला आपलं म्हणणं पटल्याची खात्री होते.

माझी एक चिठ्ठी जवळजवळ तयार होती. पण या तपासणीत संध्याकाळ गेली.

७ मार्च
नियमावली तयार. तीन पानं, लॅमिनेट केलेली. चिठ्ठीऐवजी आता छापील फॉर्म: तारीख, वेळ, आनंदाचं कारण, कालावधी, साक्षीदाराची सही.

हिने विचारलं, की गॅसवर दूध उतू जाता जाता वाचलं, म्हणून बरं वाटलं, तर फॉर्म भरेपर्यंत ते खरंच उतू जाईल, त्याचं काय. मी सांगितलं, दूध सांभाळून नंतर भरायचा, उशिराचं कारण जोडून. ही फॉर्म घेऊन आत गेली. नंतर त्याच्यावर दुधाची पिशवी ठेवलेली दिसली.

८ मार्च
आरशासमोर हसण्याचा सराव, दहा मिनिटं. अण्णांनी दारातून पाहिलं आणि हिला जाऊन विचारलं, की याची दाढ दुखतेय का.

९ मार्च. ऑफिस
आमच्या जीपच्या ड्रायव्हरला सगळे 'हसरा' म्हणतात. टायर पंक्चर झाला तरी हसतो. आनंदाला कारण लागतं, ही साधी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरत नाही. तरी आज त्याचं बघून ठरवलं, तपासणीला हसतमुखाने जायचं.

पहिलंच दुकान किराणा मालाचं. आत शिरलो, दुकानदाराकडे बघून छानपैकी हसलो आणि विचारलं, काय, कसं काय चाललंय? माणूस पांढराफटक पडला. मी आणखी हसलो. त्याला घाम फुटला. दोन मिनिटांत त्याने आपल्या हाताने काट्याखालचं लोहचुंबक काढून माझ्यापुढे ठेवलं आणि लहान मुलं असल्याचं सांगितलं. त्याआधी सात वर्षं मी त्याचा काटा दर वर्षी पास करत आलो होतो. म्हणजे चुंबक नवीनच असणार.

परतताना हसऱ्याला हे सांगितलं, तर तो जीप बाजूला घेऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत राहिला. हा प्रसंग चिठ्ठीत लिहावा का? विचारांती नाही. कामाच्या वेळेतला आनंद खात्याचा.

११ मार्च. संध्याकाळी
नियमावली असूनही बरणीत पुन्हा साध्या कागदाचे तुकडे! एक तर बसच्या तिकिटाच्या मागे लिहिलेला. आता कडक पावलं. सगळे तुकडे बाहेर काढले, बरणीत फक्त नियमावलीची प्रत ठेवली, झाकणाला तार ओवली आणि ऑफिसच्या पकडीने शिशाचं सील ठोकलं. वीस वर्षं हलणार नाही असं काम. फॉर्म टाकायचा असेल त्याने संध्याकाळी सात ते सव्वासात या वेळेत माझ्याकडे यावं. मी सील तोडीन, फॉर्म तपासून टाकीन, नवं सील लावीन.

लेकीने सील बोटाने ओढून पाहिलं. म्हणाली, बाबा, आता खरंच काही आत जाणार नाही. मी म्हटलं, भेसळ तर नक्कीच जाणार नाही.

१४ मार्च
तीन दिवस सात ते सव्वासात टेबलापाशी बसून आहे. एकही अर्ज नाही. दर्जा वाढला की संख्या कमी होते, हे काट्यांच्या बाबतीतही पाहिलेलं आहे.

तक्रार: स्वयंपाकघरातल्या टोस्टच्या डब्याभोवती संशयास्पद हालचाली. अण्णा दिवसातून तीनदा डब्यापाशी जातात. लेक जाते. हीसुद्धा जाते. आत तिघांचं हसणं चालतं आणि मी गेलो की सगळे चहा गाळायला लागतात. चहा मात्र मला टोस्टशिवाय. विचारलं तर म्हणे टोस्ट संपले. संपले तर डबा एवढा जपताय कशाला? अण्णांना या वयात एवढे टोस्ट बरे नाहीत. पण त्यांचं पोट साफ असतं, हे मान्य करावं लागेल.

१५ मार्च. रविवार
लेक म्हणाली, बाबा, बॅग घ्यायला चला माझ्याबरोबर. आपण दोघंच जाऊ. मी सांगितलं, आज जमणार नाही, बेचाळीस पूर्ण करायचे तर दिवसाला किती पडतात याचं वेळापत्रक करायचं आहे. तिने बरं म्हटलं. मायलेकी गेल्या. चार तासांनी आल्या, बॅग निळी.

वेळापत्रक उत्तम झालं आहे.

१८ मार्च. संध्याकाळी
आजचा दिवस फुकट गेला.

विमानात पंधरा किलोच सामान चालतं म्हणून ऑफिसातून मोठा काटा आणला होता. बॅग वीस किलो भरली. मग एकेक वस्तू काढून मोजणं आलं. पुस्तकं, बूट, हिने भरलेली तीन प्रकारची औषधं. लेक मध्येच स्वतः काट्यावर चढली. मग तिने आईला चढवलं. हिने आकडा दिसू नये म्हणून त्यावर साडीचा पदर टाकला. मग अण्णा चढले आणि उतरेचनात. म्हणाले, खात्याने बावन्न किलो काढलंय, मला मान्य नाही, मी पंचावन्नचा आहे, फेरतपासणी झाल्याशिवाय हलणार नाही. खिशात चाव्या टाकल्या, मग चष्मा, मग हातात पाण्याचा तांब्या घेतला. तरी त्रेपन्नच. शेवटी लेकीने त्यांच्या डोक्यावर बूट ठेवला.

या गोंधळात सव्वा तास गेला. बॅग मात्र पंधरा किलोला आणली, तोळाभर इकडेतिकडे नाही. माझ्या चष्म्याची काडी मोडली आहे. कधी मोडली, कशी मोडली, काही आठवत नाही.

आनंदाची नोंद: शून्य. वेळच मिळाला नाही.

२१ मार्च
माझे बेचाळीस पूर्ण व्हायला बेचाळीस बाकी. तीन दिवसांत रोज चौदा. अशक्य नाही.

ऑफिसातून येताना मुद्दाम बागेतल्या बाकावर बसलो. फूल बघितलं. पक्षी बघितला. दोघांनीही काही केलं नाही. फॉर्म हातात घेऊन अर्धा तास बसलो, मग माळ्याने येऊन विचारलं, की साहेब, बागेची तपासणी आहे का.

२३ मार्च. दुपारी
सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. बरणीचं सील विधिपूर्वक तोडलं. आत नियमावली. बाकी काही नाही.

मी घरच्यांच्या बेफिकिरीवर थोडं बोललो. लेकीला काय नेऊ देणार आहोत आपण, असं विचारलं. आवाज थोडा चढला असेल. तेव्हा ही उठून आत गेली आणि टोस्टचा डबा आणून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, टोस्टचा चुरा होईल प्रवासात. हिने झाकण उघडलं.

डब्यात चिठ्ठ्या. गच्च. दाबून बसवलेल्या. बसची तिकिटं, कॅलेंडरचे तुकडे, दुधाचा डाग पडलेले माझे फॉर्म, मागच्या कोऱ्या बाजूने वापरलेले.

लेकीने एक काढून वाचायची परवानगी दिली. मी काढली. अण्णांचं अक्षर: 'आजही झालं.' ती म्हणाली, ही धरू नका, दुसरी काढा. दुसरी तिची होती: 'बाबांनी सगळ्यांचं वजन केलं. अण्णांच्या डोक्यावर बूट ठेवल्यावर बाबा इतके हसले, की चष्मा पडला आणि स्वतःच त्याच्यावर बसले.'

वेळ नाही, कालावधी नाही, साक्षीदार नाही. तरी चष्म्याचा खुलासा झाला.

डबाभर चिठ्ठ्यांत माझ्या हातची एकही नाही. ती फक्त म्हणाली, बाबा, अजून उद्या सकाळपर्यंत वेळ आहे.

२४ मार्च. सकाळी १०
पाचला उठून फॉर्म घेऊन बसलो. तारीख लिहिली. वेळ लिहिली. सही केली. 'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. ती आंघोळीला गेली होती. तिचे निळे बूट दाराशी होते. ते दिसले आणि मला काहीच सुचेना. एवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न.

फॉर्म दिला नाही. अर्धवट फॉर्म मी कधी कुणाचा स्वीकारलेला नाही.

पण हात बांधून उभा राहिलो नाही. प्रवासात उघडू नये म्हणून टोस्टच्या डब्याला तार ओवून पक्कं सील लावलं. हात लागलाच होता म्हणून रिकाम्या बरणीलाही लावलं, नियमावली आत ठेवून. मग लक्षात आलं, पकडीशिवाय ती डबा उघडणार कशी? म्हणून पकड हळूच तिच्या बॅगेत सारली, आणि जोडीला नियमावली व कोऱ्या फॉर्मांची जाड फाइल. बापाचं लक्ष असतं, ते असं.

टॅक्सी वळेपर्यंत ती हात हलवत होती. मीही हलवला. ही नंतर आत येऊन भांडी घासायला लागली, घासलेलीच. घर फार मोठं वाटलं. तसं ते बासष्ट चौरस मीटर आहे, मी स्वतः मोजलेलं.

२५ मार्च. संध्याकाळी ७.४०
काल पोचल्याचा मेसेज होता, आज फोन आला. खोली बरी आहे, खिडकी आहे.

विमानतळावर काय झालं ते सांगताना तिला हसू आवरेना. काउंटरवर बॅग सोळा किलो भरली. वजनमापे खात्यातल्या माणसाच्या मुलीची बॅग, एक किलो जास्त! सगळ्या रांगेसमोर उघडली. वरच पकड आणि फाइल. काउंटरवरच्या माणसाने पकड हातात घेऊन विचारलं, की मॅडम, हे काय. ती म्हणाली, हे माझे बाबा. मग फाइल तिथेच ठेवली आणि पकड घेतली. पकडीपुरतं एक पुस्तक हातात घेतलं, तेव्हा वजन बसलं.

आणि डबा? तो नेलकटरने उघडला. दोन मिनिटांत. वीस वर्षांचं सील.

मी म्हटलं, पकड पाठवून दे, ऑफिसची आहे. ती म्हणाली, नाही पाठवणार, राहू दे माझ्याकडे.

फोन ठेवला. फॉर्म घेतला. या वेळी पेन थांबलं नाही. वेळ: ७.०५. कालावधी: सहा मिनिटं. कारण: बॅग एक किलो जास्त भरली, हे सांगताना ती हसत होती.

टाकायला गेलो तर बरणीला सील. पकड आठशे मैलांवर. नेलकटर घरात आहे, पण अधिकृत पकडीशिवाय सील तोडणाऱ्यांवर मी बावीस वर्षं खटले भरत आलो आहे.

ही स्वयंपाकघरातून बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आली आणि झाकण काढून माझ्यापुढे धरला. तात्पुरती व्यवस्था म्हणून मी मान्य केलं. फक्त साक्षीदाराची सही राहिली होती. अण्णांना फॉर्म दिला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, माझ्या पाठीवर थाप मारली, सही केली. मग पेन परत देण्याआधी, कागद वाया जाऊ नये म्हणून, खाली आणखी एक ओळ लिहिली आणि फॉर्म डब्यात टाकून दिला.

बेचाळीसपैकी माझी पहिली आणि एकमेव नोंद. तिच्याखाली आता कायमचं लिहिलेलं आहे: 'आजही झालं.'