तेजलला टेन्शनमुक्त करण्याचा माझा कार्यक्रम

२ डिसेंबर, सोमवार
तेजलचं पोट पुन्हा दुखलं. खाली शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला की दुखतं. रविवारी दुखत नाही. अंजलीने बँकेत रजा टाकून तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणे पोटात काही नाही, मुलीला स्ट्रेस आहे. एवढं सांगायला सोनोग्राफी लागली.
इयत्ता पाचवी! हिला कसला स्ट्रेस? हिला काय साहेब आहे? हिच्याकडून काय पेन्शनची फाईल हरवली? आमच्या वेळी पोट दुखलं की ओवा चावायला देत. तोंड असं व्हायचं की पोट विसरायचो.
डॉक्टरांनी निरोप पाठवलाय, वडलांनी मुलीशी बोलत जावं. मी सकाळी उठल्यापासून बोलतोच आहे. हे लोक डिग्री कुठून आणतात?

४ डिसेंबर
ऑफिसात बसून मोबाइलवर स्ट्रेसबद्दल सगळं वाचून काढलं. अवघड काही नाही. डॉक्टर लोक उगाच भाव खातात.
निश्चय : हा विषय मी स्वतः हाती घेणार. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा. त्याआधी मुलगी टेन्शनमुक्त झालीच पाहिजे, नाहीतर मेरिट जाईल.
टाइमटेबल लावलं. पहाटे दीर्घ श्वसन, नंतर हास्य, नंतर गणित. संध्याकाळी ‘मोकळ्या गप्पा’, विषय मी देणार. अंजली म्हणाली, तिला जरा झोपू दे ना. हिला नियोजन या शब्दाचं वावडं. बँकेत काय करते देव जाणे.

७ डिसेंबर
नाशिकची थंडी. पहाटे गॅलरीत सतरंजी टाकली. तेजल श्वास घेते, पण सोडताना घाई करते. समजावलं. हास्य जमत नाही. म्हणते, हसण्यासारखं काय झालंय? मूळ मुद्दाच कळलेला नाही. मी करून दाखवलं. वरच्या मजल्यावरून चंदर गांगुर्डे धावत आला, घरी सगळं ठीक आहे ना विचारायला. हा सोसायटीचा सेक्रेटरी. टाकीत पाणी आहे का नाही, यापलीकडे डोकं गेलेलं नाही. त्याचा रवी तेजलच्याच वर्गात आहे. तो संध्याकाळभर पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतो. वाया जाणार.

१५ डिसेंबर, रविवार
निसर्गसान्निध्य. तेजलला घेऊन पांडवलेणी चढलो. नुसतं चढण्यात वेळ वाया जाऊ नये म्हणून पायऱ्यांवर पाढे विचारले. एकोणिसाच्या पाढ्यात अडखळली, तर पुन्हा खाली जाऊन सुरुवात केली. वर गेल्यावर विचारलं, रिलॅक्स वाटतंय का? हो म्हणाली. मी म्हटलं, सविस्तर सांग. तर रडायला लागली. शेजारी एक कुटुंब चिवडा खात बसलं होतं. त्यातल्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पोरगी पळवूनच आणली आहे. लोकांना सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला फार आवडतं.

२१ डिसेंबर
प्रगती दिसावी म्हणून रिलॅक्स होण्याला दहापैकी गुण देतो आहे. काल सहा. उरलेले चार कुठे गेले, तेही विचारलं. पोट अजून दुखतं. आता एक नवीनच. अभ्यासाला बसली की डाव्या भुवईचे केस उपटते. अर्धी भुवई विरळ झाली आहे. अंजली हे बघून स्वयंपाकघरात जाऊन रडली. व्हिटॅमिनची कमतरता आहे, दुसरं काही नाही. गोळ्या आणल्या.

१२ जानेवारी
अंजलीने माझं न ऐकता तेजलला संक्रांतीसाठी सायखेड्याला भावाकडे नेलं. परीक्षा तोंडावर असताना! बहिरू म्हणजे माझा मेव्हणा. कांदा, द्राक्षं आणि मोठमोठ्याने बोलणं, बस. त्या घरात पुस्तक म्हणून एक पंचांग असेल. टाइमटेबलची झेरॉक्स बॅगेत घातली आहे.

१५ जानेवारी
बहिरूला फोन केला. पहाटेचं श्वसन होतंय का विचारलं. म्हणाला, दाजी, श्वास तं घेतीच ना पोरगी, न घेऊन सांगती कोणाला? वर स्वतःच हसला. पोट? नाय दुखत. भाकरी खाती, शेतात जाती. काल बायांबरोबर कांद्याची रोपं लावली म्हणे, सगळी वाकडी. मी म्हटलं, मग कोणी सरळ करून दाखवलं की नाही? म्हणाला, कांद्याला काय कळतंय दाजी, वाकडं लावलंय म्हणून.
अशा वातावरणात पोर कशी घडणार?

१७ जानेवारी
तेजल परत आली. पोटदुखी पूर्ण बंद, भुवईवर बारीक केस. महिनाभराच्या श्वसनाचा परिणाम उशिरा दिसतो, असं मी वाचलंच होतं. अंजलीला सांगितलं.
चंदरला सुचवलं, प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर मी पालकांना मार्गदर्शन करतो. विषय : मूल तणावमुक्त कसं करावं. त्याने आढेवेढे घेतले. दरवर्षी तोच पाणीकपातीवर बोलतो, त्याला स्पर्धा नको असेल.

२४ जानेवारी
पोट पुन्हा सुरू. सायखेड्याचं पाणी बाधलं असणार. भाषणाची तयारी जोरात. तेजलकडून हास्याची तालीम करून घेतली. आता छान हसते. मी बोट वर केलं की सुरू, खाली केलं की बंद.

२६ जानेवारी
झेंडावंदन झालं. पालक समोसा हातात घेऊन उभे. मी तीन मुद्दे सांगितले, मग प्रात्यक्षिकासाठी तेजलला पुढे बोलावलं. बोट वर केलं. हसली. टाळ्या. बोट खाली केलं. ती थांबली नाही. बस म्हटलं. तरी हसतच राहिली, माझ्याकडे बघत. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसणं चालूच. मी माइकवर म्हटलं, तेजल, बस. मग ती रांगोळीवर ओकली.
अंजलीने तिला उचलून वर नेलं. दहा वर्षांची मुलगी, उचलून. टाळ्या वाजवणारे सगळे आपापल्या चपला बघायला लागले. चंदरने माझ्या हातातून माइक घेतला, हळूच घेतला. पाणीकपातीवर बोलला नाही.
चौथा मुद्दा राहूनच गेला.

२८ जानेवारी
अंजली रजा काढून तेजलसह सायखेड्याला गेली. परीक्षेला बसवणार नाही म्हणाली. मी म्हटलं, हे पळपुटेपण आहे. ती म्हणाली, हो.

२ फेब्रुवारी
अंजलीचा फोन. तिकडे तेजल मामीला म्हणाली, पप्पांना माझं फार टेन्शन येतं, मी हसले की त्यांना बरं वाटतं, म्हणून हसत होते.
मी म्हटलं, मला कसलं टेन्शन? अंजलीने फोन ठेवला नाही.
पहाटे जाग येते. सतरंजी टाकत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
परीक्षेचा दिवस. केंद्रावर जाऊन आलो. उगाच, पाय मोकळे करायला. गेटला पालक लोंबकळत होते. एकजण मुलाला शेवटच्या मिनिटाला अपूर्णांक विचारत होता, मुलगा नखं खात होता. मूर्ख माणूस. त्याने मला विचारलं, तुमचं कोणत्या वर्गात? मी म्हटलं, दुसरा मजला. मग पेपर सुटेपर्यंत थांबलो. निघून गेलो असतो तर त्याला कळलं असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
सायखेड्याला गेलो. अंजलीची अट एकच, तेजलला प्रश्न विचारायचे नाहीत. यात काय अवघड? बसमध्ये मनातल्या मनात चांगली वाक्यं जुळवली. सगळ्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह येत होतं.
ती ओट्यावर बसली होती. भुवई आली आहे. तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, ऊन आहे. ती म्हणाली, हो. मग बराच वेळ दुसरं वाक्य सापडलं नाही. दहा वर्षांत मी हिच्याशी न विचारता काय बोललोय, ते आठवत बसलो. बहिरू आतून चहा घेऊन आला, आमच्याकडे बघितलं आणि कप ठेवून न हसता परत गेला.
तेजल माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, पप्पा, एक विचारलं तरी चालेल. मी मम्मीला नाही सांगणार.
मी विचारलं, जेवलीस का?
तिने थोडा विचार केला. म्हणाली, हो.
मग अगदी हळू, बरोबर आहे?