सतराव्या ताटाची कडी

३ ऑगस्ट, माहूज

सुखरूप पोहोचलो. खोली ऐसपैस आहे, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगांच्या गच्च्या दिसतात. मालक फहादसाहेब उन्हाळाभर लंडनला असतात, त्यामुळे घरात मी आणि मसूदाबी. या मूळच्या दापोलीच्या, अठरा वर्षं इथे आखातात स्वयंपाक-पाणी बघतात. मी मराठी बोललो तेव्हा इतक्या खूश झाल्या की चहाआधी सुरमईच वाढली. फुटक्या ताटांसाठी विमानाचं तिकीट काढून माणूस बोलवतात हे ऐकून म्हणाल्या, आमच्याकडे असल्या ताटात कोंबड्यांना दाणे घालतात, भाऊ.

काम सोपं आहे. जुन्या इंग्लिश भांड्यांचा संग्रह, एकूण एक्केचाळीस नग. प्रत्येकाची तपासणी, नोंद, किरकोळ दुरुस्ती. परतीचं विमान वीस तारखेला दुपारी. कश्मिराला सप्टेंबरचा पहिला आठवडा दिलाय डॉक्टरांनी. बाळाच्या आधी घरी पोहोचायचं, एवढं एकच वचन देऊन आलोय.

६ ऑगस्ट

बारा नग झाले. कारागिरांच्या हिमतीची कमाल वाटते. चिनी मातीसारखा शुभ्रपणा हवा, पण तशी माती तेव्हा इंग्लंडात कुणाला सापडली नव्हती. म्हणून झिलईत कथलाची राख कालवून मातकट ताट पांढरं करायचं. रंगकाम त्या कच्च्या झिलईवर. ती टीपकागदासारखा रंग पिते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. भट्टीतून निघाली की ती कायमची.

मी आधी प्रत्येक ताटाला नखाने टिचकी मारतो. अखंड ताट घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. मसूदाबी दारातून बघून हसत होत्या. नारळ निवडताय काय, म्हणाल्या.

९ ऑगस्ट

सतरावा नग. मोठं ताट, काठावर निळ्या तिरप्या रेघा, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं लंडनचं काम. मध्ये पांढरं घर, निळा दरवाजा, वरच्या खिडकीत दोन्ही हात चौकटीवर टेकून उभा एक माणूस. दरवाजाला कडी, तीही बाहेरून.

माझ्याआधी इथे हेमचंद्र साठम काम करून गेले. त्यांच्या अहवालात कडीचा उल्लेख नाही. अतिनील दिव्याखाली पाहिलं, तर फक्त कडीच वेगळी चमकली. म्हणजे वरून रंगवलेली, अलीकडची. आमच्या धंद्याचा नियम साधा: नंतर चढवलेला रंग उतरवायचा, मूळ वस्तू मोकळी करायची. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला. कापूस निळा झाला, कडी गेली. अहवालात लिहून सही केली.

१० ऑगस्ट

दरवाजा बोटभर उघडा दिसतोय. कालच्या फोटोत घट्ट बंद आहे. फोटो तिरका आला असेल. तरी साठमांना मेल केलं. ते हल्ली मस्कतला असतात.

१२ ऑगस्ट

साठमांचं उत्तर आलं. कडी त्यांनीच रंगवली होती. कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून लिहिलं नाही. त्यांचा एकच प्रश्न: माणूस अजून खिडकीत आहे का? असेल तर आजच्या आज कडी परत रंगवा. नसेल तर सामान सोडा आणि घराबाहेर पडा.

ताट पाहिलं. खिडकी रिकामी. दरवाजा सताड उघडा.

एका म्हाताऱ्याच्या मेलवर पळून जायचं? चोवीस नग बाकी आहेत.

१४ ऑगस्ट

दुपारी मसूदाबी रागावल्या. म्हणाल्या, भाऊ, आता तर जेवून वर आलात, जिन्यात हाक मारली तर बघितलंतही नाही. आणि पुन्हा जेवायला?

मी सकाळपासून खोलीबाहेर पडलो नव्हतो.

वर येऊन कडी रंगवली. पण उघड्या दरवाजाला कडी घालायची तरी कशात?

१६ ऑगस्ट

निघायचं ठरवलं. खणात पासपोर्ट नाही, तिकीट नाही. मसूदाबी म्हणतात, सकाळी माझ्यासमोरच घेतलात की. वर हेही म्हणाल्या की आज हात किती गार लागला तुमचा.

१७ ऑगस्ट

जिना उतरलो. खाली हीच खोली. पुन्हा उतरलो. हीच खोली, हेच टेबल, हेच ताट.

मोबाईल लागत नाही. खिडकीबाहेर गच्च्या नाहीत. नुसतं पांढरं.

१८

भूक लागत नाही. एसी चालू, तरी भिंती तापल्यात. गुळगुळीत झाल्यात. नखाने टिचकी मारली —

घंटेसारखी वाजली. कुठे तडा नाही.

२० — सकाळ असावी

ताटातला दरवाजा बंद झालाय. खिडकीत कुणीतरी आहे. हात चौकटीवर. माझा चेक्सचा शर्ट, सगळा निळा.

मसूदाबींचा आवाज आला, अगदी जवळून. मला नाही, त्याला बोलत होत्या. सलीलभाऊ, पासपोर्ट घेतलात ना, कश्मिरासाठी खजूर वरच ठेवलेत, पोहोचलात की फोन करा. आणि तो हो म्हणाला. माझ्या आवाजात.

दोन्ही मुठींनी भिंत बडवली. त्या थांबल्या. म्हणाल्या, कुठलंसं ताट वाजलं वाटतं.

तो म्हणाला, वाजू दे.

गाडी सुरू झाली. त्याला घराचा पत्ता ठाऊक — कश्मिरा दार उघडेल, तिला काय —

कडी आहे. ताटातल्या दरवाजाला कडी आहे, बाहेरून. अ‍ॅसिटोनची बाटली आहे अजून, अर्धी. घासतोय. साठमांची कडी वरवरची होती, लगेच निघाली होती. ही

पुन्हा घासली. कापूस पांढरा.

तिसरा बोळा. पांढरा. हा रंग वर नाहीच, झिलईच्या आत —

चौथा. पांढ