दहा परवाने, सव्वीस कॉम्प्युटर

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार. इंदापूर

दिवाळी होऊन गेली. सकाळी लोणी देवकरला कारखान्यात पोचते न पोचते तोच मॅनेजर जगतापसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पुण्याची एक मोठी कंपनी आपल्याकडून पंपाचे सुटे भाग घेणार आहे. पण आधी त्यांचा माणूस येऊन सगळं तपासणार, कॉम्प्युटरसुद्धा. "सॉफ्टवेअरचे परवाने किती आहेत, किती लागतील, काय खर्च येईल, एका कागदावर द्या. तुम्ही आणि युसूफभाई मिळून."

हो म्हटलं. बाहेर येऊन परवान्यांची फाईल काढली आणि न उघडताच परत ठेवली.

४ नोव्हें.

भाईंजवळ विषय काढला. ते नुसतं "हं" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

कॉम्प्युटर विभाग म्हणजे आम्ही दोघंच. भाई प्रमुख, मी हाताखाली. तीन वर्षांपूर्वी बी.एस्सी. होऊन आले तेव्हा माऊस टेबलावर ठेवूनच फिरवायचा असतो, इथपासून त्यांनी शिकवलं. रागावून एक शब्द नाही. आबांना पहिल्यांदा कारखाना दाखवायला आणलं तेव्हा भाईंनी त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. आबा मेंढरं राखलेला माणूस, खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. "आबा, नीट टेकून बसा. तुमच्या लेकीचीच खुर्ची हाय पुढं," भाई म्हणाले होते. आबा अजून सांगतात ते.

६ नोव्हें.

आज भाईंनी परवान्यांची सगळी भानगड समजावली. पुण्याच्या विक्रेत्याकडून फॅक्स आलाय, त्यातलं इंग्रजी वाचून माझं डोकं उठलं होतं.

"दोन रीती हायत बघ मंगल. कँटीनात दहा ताटं असली की एका वेळी दहाच जण जेवणार. माणसं कितीबी असूदेत, अकराव्यानं थांबायचं. ती एक रीत, सर्व्हरमागं मोजायची. दुसरी रीत, ज्याचं ताट त्याच्यापाशी. मग तो लोणीत जेवू दे न्हायतर बारामतीत."

आपला एक सर्व्हर इथं, दुसरा बारामतीच्या ऑफिसात. पहिल्या रीतीनं दोन्हीकडची ताटं वेगवेगळी घ्यायची. दुसऱ्या रीतीनं कॉम्प्युटरमागं एक परवाना, दोन्ही सर्व्हरना चालतो. म्हणजे दुसरी स्वस्त. शिवाय बारामतीच्या सर्व्हरचं मूळ सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यायचं, आणि रोजच्या माहितीची नक्कल टेपवर घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रत्येक सर्व्हरला वेगळा परवाना. ते तर माझ्या ध्यानातच नव्हतं.

सगळं जुळलं तेव्हा इतका आनंद झाला. मग भाई हळूच म्हणाले, "आणि आज आपल्याकडं हायत किती? दहा." कॉम्प्युटर सव्वीस.

८ नोव्हें., रविवार

गावी आले. आईनं विचारलं, जेवण का जात नाही. काय सांगू.

गेल्या वर्षी भाईंनी जगतापसाहेबांना सांगितलं होतं की परवाने कमी पडतात, घ्यावे लागतील. मी तिथंच उभी होते. साहेब म्हणाले, "यंदा नाही. काहीतरी करून चालवा. काम थांबता कामा नये." सर्व्हरवर परवान्यांचा आकडा आपणच टाकायचा असतो. मशीन काही विचारत नाही. एका चौकोनात खूण करायची, की एवढे परवाने खरोखर विकत घेतलेत, झालं.

दहाचे सव्वीस केले. भाई शेजारी उभे होते, पण कीबोर्डवर मी होते. खूण मी केली.

१३ नोव्हें.

खर्चाचा कागद दिला. साहेबांनी शेवटचा आकडा बघून शिट्टी घातली. मग दार लावून घेतलं. "तुमची नोकरीत कायम करायची ऑर्डर सहीला आलीय. तपासणीत तुम्ही फक्त कॉम्प्युटरचं बोला. आधी काय झालं, कोण काय म्हणालं, ते मी बघतो."

"पण सर, मागच्या वर्षी भाईंनी तुम्हाला"

"मी काय म्हणालो? ते मी बघतो."

वाक्य पुरं केलं नाही मी.

१७ नोव्हें., मंगळवार

लिहवत नाही.

१८ नोव्हें.

काल पुण्याचा माणूस आला. सभ्य, हळू बोलणारा. सर्व्हरवर आकडा बघितला, सव्वीस. पावत्या मागितल्या. दहाचीच पावती. त्यानं शांतपणे विचारलं, बाकी सोळा कुठून आले?

जगतापसाहेब म्हणाले, "आम्हाला याची अजिबात कल्पना नव्हती. हे सगळं युसूफच बघतो."

भाईंनी आधी साहेबांकडे बघितलं. मग माझ्याकडे. अगदी थोडा वेळ. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. तोंड उघडायचं होतं, एवढंच. उघडलं नाही.

त्या माणसानं मला विचारलं, "मॅडम, हे तुम्ही केलं का?"

मी काही बोलायच्या आत भाई म्हणाले, "तिला काय माहीत न्हाय. पोर नवीन हाय. मी केलं."

नवीन. तीन वर्षं झाली मला.

२१ नोव्हें.

भाईंना राजीनामा द्यायला लावला. साहेब सगळ्यांना सांगतायत, केस केली नाही हे उपकारच. भाईंनी टेबल आवरलं. सर्व्हरचे पासवर्ड एका कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवले, टेप कधी बदलायची तेही. अक्षर नेहमीसारखं सुबक. "बुधवारची टेप अडकती. जरा हलक्या हातानं," म्हणाले.

मी म्हटलं, "भाई, मी सांगते साहेबांना. आत्ता जाते."

"आता नगं," ते म्हणाले. एवढंच.

गेटपर्यंत गेले नाही मी. खिडकीतून बघितलं. हायवेवर उभे राहिले, एसटीला हात केला. ती थांबली नाही. दुसरीला केला.

२५ नोव्हें.

बुधवार. टेप अडकली. सर्व्हरच्या खोलीत रडले. एसीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

१ डिसेंबर

कायमची ऑर्डर मिळाली. आबांना फोन केला. ते पहिलं म्हणाले, "भाईंस्नी पेढं दिलंस का?"

दिले म्हटलं.

१९ डिसें., शनिवार

बारामतीच्या ऑफिसात गेले होते. तिथले लोक भाईंबद्दल कुजबुजतात. "कॉम्प्युटरमध्ये काहीतरी अफरातफर केली म्हणे." म्हटलं, तसं नाही, परवान्याचा प्रश्न होता. "तेच की," म्हणाले. परवाना म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. चोर म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

२७ डिसें., रविवार

आज धीर करून भाईंच्या घरी गेले. रमजान चालू आहे. भाभींनी दार उघडलं, ओळखलं, क्षणभर थांबल्या, मग आत बसवलं. भाई आता इंदापुरातच तहसील कचेरीसमोर एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करतात. वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस.

ते आले. वाळलेत. मी सगळं बोलून टाकलं, ऑर्डरचंसुद्धा. वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुझ्या जागी माझी लेक सलमा असती, तर मी तिला गप बसच म्हटलं असतं," ते म्हणाले. मग, "पर तू माझ्याकडं बघाय पायजे हुतं गं. नुसतं बघाय पायजे हुतं."

अजान झाली. भाभींनी माझ्याही हातात खजूर ठेवला. मी तो रुमालात गुंडाळला.

निघताना म्हटलं, मी खरं सांगेन. ते म्हणाले, "तुझं तू बघ. मला आता त्या गेटातनं आत यायचं न्हाय."

५ जानेवारी १९९९

जगतापसाहेबांना सांगितलं. खूण मी केली होती, आणि चालवा तुम्ही म्हणाला होतात. साहेबांनी फाईलमधून मानही वर केली नाही. "पुण्याची ऑर्डर मिळाली आपल्याला. साठ माणसांचं काम आहे त्यात. उगाच उकरून काढू नका."

साठ माणसं. त्यांतल्या पुष्कळांना मी नावानं ओळखते.

९ जाने., शनिवार

नवीन परवाने आले. सव्वीस, बारामतीसकट. एवढासा खोका. सोबत विक्रेत्याचं एक घोषणापत्र, सोमवारी सही करून द्यायचं. आता विभागाची जबाबदार व्यक्ती म्हणून सही माझी. त्यात एक रकाना आहे: याआधी परवान्यापेक्षा जादा वापर झाला असल्यास कोणी व कोणाच्या सांगण्यावरून. दोन ओळी जागा.

साहेबांनी तिथं पेन्सिलीनं लिहून दिलंय, भाईंचं नाव आणि पुढे 'परस्पर'. त्यावर मी पेन फिरवायचं.

१० जाने., रविवार

खोलीवरच आहे. दुपारी खोडरबरानं ते सगळं पुसलं. कागद जरा विरला, पण फाटला नाही. पहिल्या ओळीत पेननं माझं नाव लिहिलं. ते सोपं गेलं.

दुसऱ्या ओळीत 'सांगण्यावरून' एवढंच लिहून झालंय. त्याच्या अलीकडे साहेबांच्या नावापुरती जागा सोडलीय. चार वाजले. उद्या सकाळी आठची गाडी आहे.