रुंद टायरांचे माप

चि. अनंतास आशीर्वाद.

पूजेसाठी पूर्णगडास जात आहे, उद्या परतेन. परवा तू म्हणालास, "अण्णा, पोथीत टायर नसतात." खरे आहे, माप मात्र असते. फियाटचे रुंद टायर तू रिकाम्या गाडीवर माप घेऊन बसवलेस. मी शेजारचे चौघे आत बसवले आणि यज्ञकुंड आखण्याची दोरी लावली. टायर मडगार्डला टेकतो. घाटात घासून फुटेल. इंचभर अरुंद टायर आणि अर्धा इंच आत बसणारी रिम घे. दोरी तीनदा लावून पाहिली आहे.

सोमवारी सूनबाई प्रभावतीस बाळंतपणासाठी माहेरी न्यायचे आहे, म्हणून मेकॅनिककडून जुनीच चाके बसवून घेतली. रागावू नकोस. आजवर मी तुझ्या गाडीत बसलो नाही. नवी चाके आली की बारशाला मात्र तिच्यातूनच येईन.

— अण्णा