गार आहे, घेऊन जा

१२ जून

आज वास आधी आला. चटका आलाच नाही!

बॅटरीच्या बोर्डाला तार जोडत होतो. काहीतरी करपल्याचा वास आला म्हणून खाली बघितलं, तर सोल्डरिंग आयर्नचं टोक माझ्याच बोटावर टेकलेलं. पांढरा डाग पडला. दुखणं नाही. ग्वीलान समोरच सेल निवडत बसली होती. बोट मुठीत लपवलं. बायकोला सगळं सांगायचं तर मग ही वही कशाला?

१३ जून

दोन पेले घेतले. एकात उकळता चहा, एकात नळाचं पाणी. डोळे मिटून पेले फिरवले आणि हात लावला. दोन्ही सारखेच. हात बदलला. तेच.

मग दुकान उघडलं आणि विजेच्या स्कूटरच्या चार बॅटऱ्यांवर हात ठेवून म्हणालो – गार आहे, घेऊन जा. तोंडाला सवय आहे.

१६ जून

शेनझेनच्या या गल्लीत हा हात म्हणजेच आमचं दुकान. सेल आमचे जुने, भंगारात गेलेल्या गाड्यांतून काढलेले. ते निवडायचे, जोडायचे, निळ्या प्लास्टिकमध्ये आवळायचे. मग बॅटरी अर्धा तास बल्बांच्या रांगेला लावायची आणि सहाही बाजूंनी तळवा फिरवायचा. सगळीकडे सारखी ऊब असली तर ठीक. एकाच जागी चटका बसला तर आत एक सेल नासलेला आहे. तो आज नुसता तापतो, महिन्याने पेटतो. अकरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली एकही बॅटरी पेटलेली नाही. जेवणाचे डबे पोचवणारी ही सगळी मंडळी चार गल्ल्या ओलांडून इथे येतात ती यासाठीच.

लांबूनच ताप मोजणारी थर्मल गन आहे. मुलीने घेऊन दिली होती. मी त्या गनने सुपाचा ताप मोजून दाखवला आणि दुकानभर हशा पिकवला. 'यंत्राला कातडी कळते, पोटातलं नाही' – हे मीच सांगत आलो. आता ती कुठल्या तोंडाने बाहेर काढू?

१९ जून

दवाखान्यात जाऊन आलो. ग्वीलानला सांगितलं, सेल जोडायची निकेलची पट्टी बघायला जातो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. साखर म्हणे कित्येक वर्षांची आहे, नसा गेल्या. अनवाणी चालू नका, म्हणाली. मी विचारलं, "हाताला पुन्हा कळायला लागेल का?"

"आहे तेवढं सांभाळा," ती म्हणाली.

आहे काय?

२० जून

डबे पोचवणारी श्या आली होती, जुनी बॅटरी नवी करून घ्यायला. चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहते, नवरा गावी. खाली चार्जिंगला जागा मिळत नाही म्हणून बॅटरी खांद्यावर घालून वर नेते आणि पोरीच्या पलंगाशेजारी फळीवर लावते. पोरगी दोन वर्षांची. किती वेळा सांगितलं, दाराबाहेर लाव! म्हणते, बाहेरून चोरीला जाते.

मी हात फिरवला. तिने विचारलं, "काका, गार आहे ना?"

गार आहे, म्हणालो. लाकडावर हात ठेवावा तसं वाटत होतं. खरं तर तसंही वाटत नव्हतं. हलकट आहे मी.

२१ जून

काही नाही.

२३ जून

ग्वीलानला सांगायचं ठरवलं होतं. जेवताना तोंड उघडलं आणि मुळा मागितला.

सांगून तरी काय होणार? अठ्ठावन्नाव्या वर्षी मला दुसरं काय येतं? आणि मार्चपासून, फेब्रुवारीपासून, कोण जाणे कधीपासून गेलेल्या बॅटऱ्या – त्या काय परत येणार आहेत?

२६ जून

आज एक बॅटरी उलटी केली तर बुडाला लाल ठिपका. दुसरीलाही. तयार ठेवलेल्या सगळ्यांना! नेलपॉलिशचा. आमच्या घरात नेलपॉलिश मुलीच्या लग्नातलं एकच आहे.

ग्वीलानला विचारलं. ती सेल निवडायची थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "मार्चपासून. तू वाफेचं भांडं उघड्या हाताने उचललंस आणि टेबलापर्यंत गप्पा मारत आलास, म्हाताऱ्या. तेव्हाच कळलं."

तेव्हापासून मी तपासून हात धुवायला गेलो की ती प्रत्येक बॅटरीला गाल लावते, ठीक असली तर बुडाला ठिपका देते. तीन तिने बाजूला काढल्या, मला सांगितलं बोर्ड बिघडलाय. मी तेव्हा तिच्यावरच ओरडलो होतो.

"श्याची?"

"तिची तर दोनदा बघितली."

मी रडलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी रडलो. त्याला वाटलं डोळ्यात काहीतरी गेलं. ग्वीलान म्हणाली, हात तुझा दिसू दे, गाल माझा राहू दे, दुकान चालेल.

हात मेला तो मेलाच. पण निदान कुणी जळलेलं नाही.

२८ जून

ग्वीलानची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. सकाळच्या गाडीने ती माहेरी गेली. जाताना बजावलं – मी येईपर्यंत एकही बॅटरी द्यायची नाही. गन वापरलीस तरी नाही, तुझं लक्ष आजकाल कुठे आणि डोळे कुठे.

दिली नाही. ठिपक्याच्या संपल्यात; बाकीच्या जोडून तयार, पण गाल न लागलेल्या. चूलही पेटवली नाही. खालच्या बाईकडून पाव आणतो.

२९ जून

शेनझेनच्या या उकाड्यात जुन्या बॅटऱ्या पटापट बसतात. सकाळपासून दारात माणसं. बिनबॅटरीची गाडी म्हणजे बुडालेला दिवस. उद्या या, म्हणालो.

३० जून

नऊ दिल्या.

श्या सगळ्यांच्या पुढे होती, पोरीला काखेत घेऊन. चार दिवसांपूर्वी गाडी पाण्यात गेली, बॅटरी खलास. घरमालक वाट बघणार नाही, म्हणाली. मागे आठजण. कुणीतरी म्हणालं, उस्ताद, तुमचा हात लागला की झालं, आम्हाला दुसरं काय हवं?

गन ड्रॉवरमध्ये होती. ड्रॉवर उघडलासुद्धा. सगळ्यांच्या देखत ती बाहेर काढवली नाही. बल्ब लावले, अर्धा अर्धा तास धरला, मनापासून हात फिरवला. मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला, जणू तेवढ्याने काही कळणार होतं. नऊ वेळा म्हणालो, गार आहे, घेऊन जा.

श्याने पट्ट्याला धरून पिशवीत घातली आणि गेली. पोरीने मला हात हलवला.

ग्वीलान परवा येईल. सगळ्यांना परत बोलावून गाल लावून घेऊ. दोन दिवसांत काय होतंय.

१ जुलै

तोंड धुताना दिसलं. उजव्या तळव्याच्या मधोमध फोड, पाण्याने टम्म भरलेला. दुखत नाही. चार दिवसांत ना चूल पेटवली, ना किटलीला हात लावला, ना सोल्डरिंग आयर्नला.

काल नऊ बॅटऱ्यांवर हा हात ठेवला होता. भाजला कुठलीवर, ते माहीत नाही.

फोन लावतोय. पहिला श्याला.