सातचे झाकण

ता. ४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाच्या गाडीसाठी एक गृहस्थ विचारत आहेत. आमच्या ऑफिसातले आहेत, जुन्या गाड्यांचे वेडे. दादा गेल्यावर गाडी उभी राहून खराब होईल, म्हणून मी त्यांना नाही म्हटलेले नाही. पण होही म्हटलेले नाही. तुमच्या मनात काय आहे ते कळू द्या. गाडीत काही दोष असेल तर तोही लिहा, म्हणजे मला आधीच सांगता येईल. नेहमीसारखे दोन ओळींचे पत्र पाठवू नका. तारवाल्यालासुद्धा लाज वाटेल.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.
तुमचा,
धाकटा दीर

ता. ११ मार्च

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

गाडी ठेवावी असे वाटते. ह्यांनी मला शिकवली होती, बाजारापर्यंत मी नेते. पण लेकीकडे जायचे तर डोंगर चढावा लागतो आणि तिथे गाडी तापते. एकटीने अडकायची भीती वाटते. त्या गृहस्थांपासून हे लपवू नका. दोष आहे तो आहे.

दर वेळी तेच व्हायचे. माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर वाफ यायची. हे गाडी बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडायचे आणि मला म्हणायचे की गार व्हायला वेळ लागेल, तोवर पाय मोकळे कर. खरे सांगायचे तर तोपर्यंत वळणांनी माझ्या पोटात ढवळलेले असायचे. मला ते बोलायचा संकोच वाटायचा. एकदा लग्नानंतर लगेच ह्यांच्या मित्रांसमोर उलटी झाली होती, तेव्हापासून. गाडीच थांबायची, म्हणून माझी अब्रू राहायची. मी मनातल्या मनात गाडीचे आभार मानायचे.

तब्येतीला जपा. लोभ असू द्या.
वहिनी

ता. १९ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून डोके चालेना. त्या डोंगरावरून दादाबरोबर मी कितीतरी वेळा गेलो आहे. भर उन्हात, मागे सामान लादून. गाडी एकदाही तापली नाही. वाटेत कोणी बॉनेट उघडून उभा दिसला की दादा हसायचा. म्हणायचा, साधे झाकण बघता येत नाही आणि निघाले डोंगर चढायला.

त्याचे असे आहे. रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरचे झाकण समजा. आत दाब राहिला की पाणी लवकर उकळत नाही. झाकण कमी दाबाचे असेल तर चढावर पाणी उकळून बाहेर येते. झाकणावर आकडा असतो. ह्या गाडीला तेराचे लागते. सकाळी इंजिन थंड असताना बघा. गरम असताना हात लावाल तर भाजाल, आणि हिच्या शिव्या मला बसतील.

तुम्ही दुसऱ्याच कुठल्या गाडीबद्दल लिहीत नाही ना?

आशीर्वाद असावा.
धाकटा दीर

ता. २६ मार्च

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

झाकण पाहिले. तेराचेच आहे. मग हत्यारांची पेटी उघडली, तर ह्यांच्या रुमालात गुंडाळलेले दुसरे झाकण निघाले. त्यावर सात लिहिले आहे. स्वच्छ पुसलेले आहे.

मला काही समजत नाही. आठवते ते लिहिते. लेकीकडे निघताना मी घराला कुलूप लावायचे, तेवढ्यात हे बॉनेट उघडून वाकलेले असायचे. पाणी बघतो म्हणायचे. काल लेकीला फोनवर विचारले. ती म्हणाली, बाबा एकटे आले की वेळेच्या आधी यायचे, तुम्ही दोघे आलात की हमखास उशीर. तिला आजवर वाटत होते की मी साडी नेसायला वेळ लावते.

ह्यांना मी कधी काही बोलले नव्हते. हेही बोलले नाहीत. माणूस असे करेल का? तुम्ही भाऊ आहात, तुम्ही सांगा.

सर्वांना आठवण सांगा.
वहिनी

ता. २ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र हिला वाचून दाखवले. ती आधी हसली, मग उठून आत गेली.

सातचे झाकण माझे आहे. मी माझी पहिली छोटी गाडी मोडीत काढली, तेव्हा दादाने ते मागून घेतले होते. मी म्हटले, तुझ्या गाडीला हे लावलेस तर चढावर पाणी उकळेल. तो म्हणाला, माहीत आहे, दे. मी त्याला वेड्यात काढले आणि विसरून गेलो. त्यापुढे मला काही माहीत नाही. मला त्याने सांगितले नाही, आणि सांगणारा तो नव्हताच.

गाडीत दोष नाही. त्या गृहस्थांना थांबायला सांगितले आहे. जायचे तर तेराचे लावून खुशाल जा.

काय ठरले ते कळवा. माया आहे तशीच राहू द्या.
धाकटा दीर

ता. १० एप्रिल

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

लेकीकडून लिहीत आहे. काल सकाळी एकटीच निघाले. तेराचेच झाकण होते. चढावर तापमानाचा काटा जागचा हलला नाही. मलाही काही झाले नाही. जावई म्हणतात, स्वतः चालवणाऱ्याला वळणे लागत नाहीत. मला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हते.

टाकीजवळचे वळण आले. थांबायचे मनात होते. पण गाडी तापली नव्हती, मीही ठीक होते, आणि मागे ट्रक होता. काय म्हणून थांबायचे ते सुचेना. वळण गेले. इथे इतक्या लवकर पोचले की लेकीने दारात विचारले, कोणी आणून सोडले का.

गाडी द्यायची नाही. त्या गृहस्थांना माझ्या वतीने नाही म्हणून सांगा.

एक विचारायचे आहे. रविवारी परत निघेन. डोंगर ह्या बाजूनेही चढावाच लागतो. पेटीत सातचे झाकण आहे, पाण्याचा कॅनही भरून घेतला आहे. सकाळी इंजिन थंड असतानाच बदलेन. त्या वळणापर्यंतच हवे आहे, तिथे गाडी पुरती गार झाली की तेराचे लावीन. तेवढ्याने इंजिनाला काही होणार नाही ना, ते फोन करून सांगा. पत्राला उशीर होईल.

लोभ आहे, तो असाच असू द्या.
वहिनी